दवाखान्याची जागा: विकत घ्यावी की भाड्याने?

एका रकान्यात महिन्याचा हप्ता, दुसऱ्यात महिन्याचे भाडे, आणि दोन्हींत फार फरक दिसला नाही की “हप्ताच भरू, निदान जागा आपली होईल.” दवाखान्याच्या जागेचा निर्णय बऱ्याचदा एवढ्याच हिशोबावर होतो. राहत्या घराला हा हिशोब एक वेळ चालून जातो. दवाखान्यात मात्र तिसरा मोठा आकडा असतो आणि तो या दोन्ही रकान्यांत दिसत नाही: भिंतींत, फरशीखाली आणि छतात घातलेला पैसा. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी, एक्स-रे खोलीतला शिशाचा थर, ऑक्सिजनची पाइपलाइन, वाढवून घेतलेला वीजभार, प्रत्येक तपासणी खोलीतले बेसिन. जागा सोडताना यातले जवळजवळ काहीच उचलून नेता येत नाही.

म्हणून भाडे किती, हे नंतर पाहू. आधी हे विचारा: हा पैसा वसूल होईपर्यंत मला इथून कोणी उठवणार नाही, याची खात्री किती वर्षांची आहे? जागा विकत घेणे हा ती खात्री मिळवण्याचा एक मार्ग आहे, महागडा. नीट लिहिलेला, लांब मुदतीचा भाडेकरार हा दुसरा. अकरा-अकरा महिन्यांचे किंवा वर्षावर्षाचे करार करत राहणे हा मार्गच नव्हे, तरी सर्वाधिक पैसा अशाच जागांत अडकलेला दिसतो.

आधी वर्षे मोजा

कागदावर एक आकडा लिहा: याच जागी, याच प्रकारची प्रॅक्टिस, किमान किती वर्षे चालेल असे तुम्ही ठामपणे म्हणू शकता? आशावादी आकडा नको, किमान आकडा हवा. तो लिहिताना काही गोष्टी तपासा. प्रॅक्टिस नवी असेल तर पहिली दोन-तीन वर्षे रुग्ण कुठून येतात, किती येतात, हेच कळायचे असते. तोवर जागेचा आकारही अंदाजानेच ठरतो. भागीदार येणार असेल तर खोल्या वाढतील. एखादी सेवा, समजा सोनोग्राफी किंवा दिवसभराच्या शस्त्रक्रिया, सुरू करायची असेल तर आजची जागा उद्या अपुरी पडेल. निवृत्तीला आठ वर्षे उरली असतील तर पंधरा वर्षांचे कर्ज कोण फेडणार, याचे उत्तर आजच हवे.

आकडा पाचच्या आत येत असेल तर विकत घेण्याचा विचार बाजूला ठेवा. खरेदी आणि विक्री या दोन्ही वेळच्या खर्चातच नफा जातो आणि विकायला लागणारा वेळ वेगळा. दहाच्या वर असेल तर खरेदीचा गंभीरपणे विचार करा. मधल्या पट्ट्यात हिशोब मांडल्याशिवाय काहीच बोलता येत नाही. तो खाली मांडला आहे, पण त्याआधी जागा दवाखान्याला चालते का हे बघायला हवे. न चालणारी जागा स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

जागा अंगाला बसते का

मालक किंवा एजंट सांगतो ते क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्रफळ यांत मोठा फरक असू शकतो. जिने, लॉबी, लिफ्ट यांचा वाटा त्यात मिळवलेला असतो. भाडे कोणत्या क्षेत्रफळावर लागणार आहे हे विचारा आणि आतले माप स्वतः टेपने घ्या. तपासणीच्या टेबलासह एका सल्ला खोलीला साधारण १२ चौरस मीटर, म्हणजे १३० चौरस फूट लागतात. त्याहून लहान खोलीत खुर्ची, टेबल, कॉट आणि सोबतचा नातेवाईक एवढे मावले की डॉक्टरला वळायला जागा उरत नाही.

वेटिंग रूम डोळ्याने ठरवू नका. एक डॉक्टर तासाला ६ रुग्ण तपासतो आणि सरासरी थांबणे अर्ध्या तासाचे आहे असे धरा. मग कोणत्याही क्षणी ६ × ०.५ = ३ रुग्ण थांबलेले असतात. प्रत्येकाबरोबर एक माणूस धरला तर ६ खुर्च्या, आणि गर्दीच्या वेळेसाठी दुप्पट, म्हणजे १२. एका खुर्चीमागे ये-जा धरून सुमारे दीड चौरस मीटर ठेवले तर १८ चौरस मीटर झाले. बालरोगतज्ज्ञांकडे एका रुग्णाबरोबर दोन-तीन माणसे येतात, त्यांनी हा हिशोब तसा वाढवावा.

चाकाच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. रॅम्पचा उतार १:१२ असावा, म्हणजे प्रवेशाशी ४५ सेंटिमीटर उंचीचा जोता असेल तर रॅम्पची लांबी ५.४ मीटर होते. ही लांबी बहुतेक वेळा रस्त्यावर किंवा सामाईक अंगणात जाते आणि तिथे तुमचा अधिकार नसतो. वरच्या मजल्यावरची जागा बघताना लिफ्टची आतली खोली मोजा. स्ट्रेचर साधारण दोन मीटर लांब असतो. तो आडवा मावत नसेल तर चक्कर येऊन पडलेल्या रुग्णाला जिन्यावरून उतरवावे लागेल. शिवाय लिफ्टला बॅकअप वीज आहे का, हेही विचारा.

पाणी आणि निचरा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. प्रत्येक तपासणी खोलीत हात धुण्याचे बेसिन हवे, आणि प्रत्येक बेसिनला उतार असलेली निचऱ्याची लाइन. मुख्य लाइन जागेच्या एका टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाच्या खोलीसाठी फरशी उचलावी लागते किंवा खालच्या मजल्याच्या छतातून पाइप न्यावा लागतो. खालचा माणूस त्याला परवानगी देईलच असे नाही. दंतवैद्यांच्या खुर्चीला तर पाणी, निचरा, दाबाची हवा आणि सक्शन या चारही लाइनी जमिनीतून लागतात. खुर्ची अर्धा मीटर सरकवायची तरी फरशी फोडावी लागते. डायलिसिसमध्ये द्रव मिनिटाला ५०० मिलिलिटर वेगाने वाहतो, म्हणजे चार तासांच्या एका सत्राला १२० लिटर शुद्ध पाणी. ते तयार करताना आरओ यंत्र जे पाणी टाकून देते ते वेगळे. पाच मशीन, दिवसाला दोन पाळ्या धरल्या तर फक्त द्रवासाठी १,२०० लिटर झाले. इमारतीची टाकी आणि पाणीपुरवठ्याची वेळ याला पुरते का, हे करारावर सही करण्यापूर्वी कळायला हवे.

एक्स-रे किंवा सीटी असेल तर भिंती आणि दारांना शिशाचे संरक्षण लागते. किती जाड, हे यंत्र, रोजचे काम आणि पलीकडे कोण बसते यावरून रेडिएशन तज्ज्ञ ठरवतो. निदानाच्या एक्स-रे खोल्यांत ते बहुधा दोन मिलिमीटर शिशापर्यंत असते. हे वजन दाराच्या बिजागऱ्यांवर आणि हलक्या पार्टिशनवर येते, त्यामुळे जिप्समच्या भिंतीची जागा असेल तर भिंतच नव्याने उभारावी लागते. एमआरआयचा चुंबक काही टनांचा. त्यासाठी फरशीची भारक्षमता हवी, यंत्र आत नेण्याची वाट हवी (आणि काही वर्षांनी बाहेर काढण्याचीही, म्हणून एक भिंत काढता येईल अशी ठेवतात) आणि हेलियम वायू आणीबाणीत बाहेर सोडणारा जाड पाइप थेट उघड्या हवेत न्यावा लागतो. शेजारची लिफ्ट किंवा खालचे वाहनतळ चित्रात अडथळा आणू शकते. असली यंत्रे बसवणाऱ्याने छोट्या मुदतीच्या भाड्याच्या जागेकडे बघूही नये.

आणि सर्वांत आधी परवानगी. त्या जागेचा मंजूर वापर वैद्यकीय कामासाठी चालतो का, अग्निशमन विभागाचे नियम पूर्ण होतात का, जैववैद्यकीय कचरा ठेवायला स्वतंत्र कोपरा आणि उचलणाऱ्या गाडीला वाट आहे का. शेजारी पूर्वीपासून दवाखाना आहे, एवढ्यावर विसंबू नका. त्याला परवानगी होती की कोणी विचारलेच नव्हते, हे बाहेरून दिसत नाही.

आता हिशोब

जागेची किंमत १०० धरू, म्हणजे सगळे आकडे किमतीची टक्केवारी होतात आणि कुठल्याही चलनाला लागू पडतात. उदाहरणासाठी काही गृहीतके: स्वतःचे ३०, कर्ज ७०, व्याज ९ टक्के, मुदत १५ वर्षे. खरेदीच्या वेळचे शुल्क, वकील, नोंदणी मिळून ७. मालकाच्या वाट्याची दुरुस्ती, मालमत्ता कर आणि विमा मिळून वर्षाला १.५. विकताना ३ टक्के खर्च. जागेची किंमत आणि भाडे दोन्ही वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतात. भाड्याने राहणाऱ्याचे डिपॉझिट सहा महिन्यांच्या भाड्याएवढे. त्याचे वाचलेले पैसे तो ९ टक्क्यांनी गुंतवतो. जागेच्या अंतर्गत कामाचा खर्च दोघांना सारखाच, म्हणून इथे सोडला आहे. तुमच्या गावाचे व्याजदर आणि शुल्क वेगळे असतील. आकडे बदला, मांडणी तीच ठेवा.

कर्जाचा हप्ता वर्षाला ८.५२ होतो, त्यात १.५ मिळवले की १०.०२. या कर्जाचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्या: पाच वर्षे नियमित हप्ते भरल्यावरही मुद्दलाचा फक्त २० टक्के भाग फिटलेला असतो, ८० टक्के बाकी असतो. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असते. “पाच वर्षांत एक तृतीयांश फिटेल” असा मनातला अंदाज इथे चुकतो.

समजा वर्षाचे भाडे ५ आहे, म्हणजे किमतीच्या ५ टक्के. पाच वर्षांनी जागा १२७.६ ला जाते. विक्रीखर्च आणि ५६ चे उरलेले कर्ज वजा केले की घेणाऱ्याच्या हाती सुमारे ६८ पडतात. भाड्याने राहिलेल्याने सुरुवातीचे ३४.५ (घेणाऱ्याचे ३० आणि ७, वजा डिपॉझिटचे २.५) आणि दरवर्षीचा फरक गुंतवला असेल तर त्याच्याकडे डिपॉझिटसह सुमारे ८३ असतात. दहा वर्षांनी घेणाऱ्याकडे १२४, भाडेकरूकडे १४४. इथे भाडेकरूच पुढे, आणि वेळेबरोबर अंतर वाढतेच.

आता बाकी सगळे तेच ठेवून फक्त भाडे ७ करा. पाच वर्षांनी घेणाऱ्याकडे ६८, भाडेकरूकडे ६९: बरोबरी. दहा वर्षांनी घेणाऱ्याकडे १२४, भाडेकरूकडे १०६. चित्र पूर्ण उलटले. नवव्या वर्षापासून तर भाडेच हप्ता आणि देखभाल मिळून होणाऱ्या खर्चाच्या पुढे जाते.

निर्णय फिरवणारा आकडा म्हणजे भाडे आणि किंमत यांचे गुणोत्तर. वर्षाचे भाडे भागिले जागेची एकूण किंमत, हा भागाकार कर्जाच्या व्याजदरापेक्षा फारच कमी असेल तर भाडे परवडते. तो व्याजदराच्या जवळ असेल आणि तुम्ही दहा वर्षे तिथे राहणार असाल तर विकत घेणे परवडते. जागेची किंमत किती वाढेल हा अंदाज सगळ्यांत कमी विश्वासाचा असतो. म्हणून ५ टक्के भाड्याच्या उदाहरणात वाढ ७ टक्के धरून बघितले तर पाच वर्षांनी घेणाऱ्याकडे ८० येतात आणि तूट जवळपास भरून निघते. ३ टक्के धरली तर ५६ येतात. एकाच निर्णयाचे दोन टोकांचे निकाल. ज्या हिशोबात जागा फक्त “किंमत वाढेलच” म्हणून परवडते, तो दवाखान्याचा हिशोब नव्हे, जमिनीवरचा सट्टा आहे.

एक प्रामाणिक अडचणही आहे: भाडेकरूचे पैसे वाचले तरी तो ते खरेच गुंतवतो का? खर्चून टाकणार असाल तर वरचा भाडेकरूचा फायदा कागदावरच राहतो. दुसरीकडे, सुरुवातीचे ३७ जागेत न घालता चांगली सोनोग्राफी मशीन किंवा दुसरा डॉक्टर यांत घातले तर त्यातून मिळणारे उत्पन्न ९ टक्क्यांपेक्षा बरेच जास्त असू शकते. नव्या प्रॅक्टिससाठी हाच मुद्दा बहुधा निर्णायक ठरतो.

कराचा परिणाम शेवटी बघा, आधी नाही. बहुतेक ठिकाणी भाडे पूर्ण व्यवसायखर्च म्हणून वजा होते. विकत घेतल्यास व्याज आणि घसारा वजा होतात, मुद्दलाची परतफेड होत नाही. नेमके काय लागू होते ते कर सल्लागाराला तुमच्याच आकड्यांवर विचारा. फक्त कर वाचतो म्हणून घेतलेली जागा क्वचितच चांगली निघते.

हिशोबाचा शेवटचा भाग ताणाचा. सहा महिने उत्पन्न निम्म्यावर आले (तुम्ही आजारी पडलात, रस्ता खोदला गेला, शेजारी मोठे रुग्णालय उघडले) तरी हप्ता, पगार आणि यंत्रांचे हप्ते निघतील का? निघत नसतील तर हिशोब कितीही सुंदर असो, आज विकत घेऊ नका.

भाड्याने घेत असाल तर करार

आधी खऱ्या भाड्याचा आकडा काढा: वर्षाचे भाडे, अधिक अंतर्गत कामाचा खर्च भागिले खात्रीची वर्षे. भाडे ५ आणि काम २० चे असेल तर पाच वर्षांच्या करारात खरे भाडे ९ पडते, दहा वर्षांच्या करारात ७. भाड्यात थोडी सूट मिळवण्यापेक्षा मुदत वाढवून घेणे कितीतरी जास्त वाचवते, आणि मालकालाही ते द्यायला सोपे असते.

खात्रीची वर्षे म्हणजे करारावर लिहिलेली मुदत नव्हे. दहा वर्षांच्या करारात “मालक तीन महिन्यांच्या नोटिशीने करार संपवू शकेल” असे एक कलम असेल तर तो करार तीन महिन्यांचा आहे. लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार मध्येच न सोडण्याचे बंधन, बहुधा भाडेकरूवर लादलेला असतो. तो मालकावर पूर्ण मुदतीसाठी असावा आणि तुम्हाला तीनेक वर्षांनंतर नोटीस देऊन बाहेर पडता यावे. असा एकतर्फी करार मागायला संकोचू नका, कारण भिंतीत पैसा तुमचा आहे. मुदत संपल्यावर वाढवून घेण्याचा अधिकार तुमच्या मर्जीवर असावा, “उभयपक्षी संमतीने” असे लिहिले असेल तर त्याला अर्थ नाही. वाढीव मुदतीचे भाडे कसे ठरेल हेही आत्ताच लिहा: ठरलेली टक्केवारी, किंवा स्वतंत्र मूल्यांकनकर्त्याने काढलेला बाजारभाव आणि त्यावर कमाल मर्यादा.

जागेवर मालकाने कर्ज काढले आहे का, हे विचारा. असेल आणि मालकाने ते थकवले तर बँक जागा ताब्यात घेऊ शकते. अशा वेळी तुमचा करार टिकतो की नाही हे बँकेच्या लेखी संमतीवर अवलंबून राहते. ते पत्र करारासोबतच घ्या. मालकाने जागा विकली तर नवा मालक कराराला बांधील राहील असे कलम हवे आणि जिथे लांब मुदतीच्या कराराची नोंदणी कायद्याने लागते तिथे ती टाळू नका. नोंदणीचा खर्च वाचवायला केलेला करार भांडणाच्या दिवशी कामाला येत नाही.

भाडेवाढीत टक्क्यांपेक्षा पद्धत बघा. दर तीन वर्षांनी १५ टक्के आणि दरवर्षी ५ टक्के हे सारखे वाटतात. पण दरवर्षीची ५ टक्के वाढ तीन वर्षांत १५.८ टक्के होते आणि मधल्या वर्षांतही जास्त भरावे लागते. दरवर्षी ८ टक्के असेल तर दहा वर्षांत भाडे दुपटीच्या पुढे, २.१६ पट होते. तुमची फी त्या वेगाने वाढते का? सामाईक देखभालीचा खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा, त्यात इमारतीच्या मोठ्या दुरुस्त्या आणि नवी लिफ्टही तुमच्या माथी मारता येते का, हे वाचा. वार्षिक वाढीला मर्यादा आणि हिशोब पाहण्याचा हक्क मागा.

भाडे कधीपासून सुरू होणार? सामान्य दुकान ताबा मिळाल्यावर पंधरा दिवसांत उघडते. दवाखान्याला आराखडे, परवानग्या, पाणी-वीज, भिंती आणि मग तपासणी यात चार-पाच महिने सहज जातात. ताब्याच्या तारखेपासून भाडे मान्य केलेत तर रुग्ण येण्याआधीच तेवढ्या महिन्यांचे भाडे गेले. म्हणून कामासाठी भाडेमुक्त काळ मागा आणि अट घाला: वैद्यकीय वापराची परवानगी ठरावीक तारखेपर्यंत मिळाली नाही तर करार रद्द आणि डिपॉझिट परत.

बाकीची कलमे दवाखान्याचीच आहेत आणि साध्या व्यापारी करारात ती नसतात. जागा सोडताना “मूळ स्थितीत परत द्यावी” असे असेल तर शिसे, पाइप आणि पार्टिशन काढण्याचा खर्च तुमचा. हे कलम काढा किंवा कोणती कामे तशीच ठेवता येतील याची यादी जोडा. मालकाने तपासणीसाठी येताना आधी कळवावे आणि रुग्ण असताना आत येऊ नये. थकबाकीच्या वादात मालकाने कुलूप लावले तर आतल्या रुग्णांच्या नोंदी, औषधे आणि लसी अडकू नयेत. त्यांच्यावर मालकाचा कोणताही हक्क राहणार नाही आणि त्या कधीही बाहेर काढता येतील, हे लिहून घ्या. तुमचा मृत्यू झाला किंवा काम करता येणार नाही असे अपंगत्व आले तर कुटुंबाला दोन-तीन महिन्यांच्या नोटिशीने करार संपवता यावा, नाहीतर उरलेल्या लॉक-इनचे भाडे त्यांच्या गळ्यात पडते. प्रॅक्टिस विकली तर करार नव्या डॉक्टरच्या नावावर करण्याला मालक अकारण नकार देणार नाही, हेही हवे. जागेचा करार हस्तांतरित होत नसेल तर प्रॅक्टिस विकत घ्यायला कोणी येत नाही. त्याच इमारतीत मालकाने तुमच्याच विषयाच्या दुसऱ्या डॉक्टरला जागा देऊ नये, ही अट लहान इमारतीत मागण्यासारखी आहे.

एका प्रकारापासून सावध. मालक स्वतः औषधांचे दुकान किंवा लॅब चालवतो आणि नाममात्र भाड्यात जागा देऊ करतो, अपेक्षा एवढीच की रुग्ण त्याच्याकडे पाठवावेत. रुग्ण पाठवण्याशी जोडलेले भाडे अनेक ठिकाणी बेकायदा आहे आणि वैद्यकीय नीतिनियमांतही बसत नाही. भाडे बाजारभावाने, लेखी आणि रुग्णसंख्येशी संबंध नसलेले असावे.

विकत घेत असाल तर

मालकी हक्काची साखळी, बोजा, बाकी कर आणि मंजूर आराखडा वकिलाकडून तपासून घ्या. आराखड्यात नसलेला पोटमाळा किंवा झाकलेली गच्ची तुमच्या किमतीत धरलेली असेल तर ती रक्कम वजा करा. इमारतीत इतर मालक असतील तर त्यांच्या संस्थेचे नियम वाचा: दवाखान्याला, जनरेटरला, पाटीला, रात्रीच्या रुग्णांना बंदी आहे का? मालकी हातात असली तरी हे नियम तुम्हाला भाडेकरूइतकेच बांधतात. संरचना अभियंत्याकडून फरशीची भारक्षमता आणि गळतीचा अहवाल घ्या. खरेदीच्या करारात, परवानगी मिळाली नाही तर इसारा परत, ही अट इथेही हवी.

आकार ठरवताना पाच वर्षांनंतरची गरज धरा, पण त्यापुढची नको. फार मोठी जागा घेऊन “दोन खोल्या भाड्याने देऊ” हे नियोजन तेव्हाच करा जेव्हा त्या खोल्यांना स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र मीटर आहे.

नाव कोणाचे, हा प्रश्न सहीच्या आधी सोडवा. प्रॅक्टिसवर येणारे दावे आणि कर्जे यांपासून जागा वेगळी ठेवायची असेल तर ती वेगळ्या संस्थेच्या किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या नावावर घेऊन प्रॅक्टिसला लेखी कराराने, बाजारभावाने भाड्याने देतात. कर आणि कायदा या दोन्हींचा सल्ला घेऊनच हे करा. निवृत्तीत याचा मोठा उपयोग होतो: प्रॅक्टिस तरुण डॉक्टरला विकायची, जागा ठेवायची, आणि भाडे मिळत राहते. भागीदारीत जागा एकाची आणि दवाखाना तिघांचा असेल तर भाडे कोणी ठरवायचे यावरून वर्षागणिक कुरबुर होते. तिघांची असेल तर एखादा बाहेर पडताना त्याचा वाटा कोणत्या मूल्यांकनाने, किती हप्त्यांत द्यायचा हे खरेदीच्या दिवशीच लिहा. तो बाहेर पडत असताना यावर एकमत होत नाही.

मधले रस्ते

पाच वर्षांचा भाडेकरार आणि त्यात ठरलेल्या किमतीला, किंवा ठरलेल्या सूत्राने, जागा विकत घेण्याचा अधिकार: नव्या प्रॅक्टिससाठी हा फार चांगला पर्याय आहे. मालक एवढे देत नसेल तर निदान दुसऱ्याला विकण्याआधी तुम्हाला विचारण्याची अट घाला, आणि उत्तर द्यायला किमान ४५ दिवस मागा, कारण कर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो. नव्या भागात पाय रोवायचा असेल तर आधी पॉलिक्लिनिकमधली खोली आठवड्यातून दोन-तीन सत्रांसाठी घ्या आणि सहा महिने रुग्णांचे पत्ते नोंदवा. ते कोणत्या बाजूने येतात हे कळले की जागा कुठे शोधायची ते आपोआप ठरते.

भाड्याची मुदत चालू असताना एक तारीख भिंतीवर लावून ठेवा: करार संपण्याच्या १८ महिने आधीची. त्या दिवशी नूतनीकरणाची बोलणी सुरू करायची आणि त्याच दिवशी दुसऱ्या जागाही बघायला लागायचे. करारात नूतनीकरणाची नोटीस साधारण सहा ते नऊ महिने आधी द्यावी लागते. ती तारीख चुकली तर अधिकार गेला. दुसरी जागा तयार व्हायला वर्ष लागते हे मालकालाही माहीत असते. शेवटचे तीन महिने उरलेल्या डॉक्टरला तो सांगेल ते भाडे मान्य करावे लागते.